तोंड सरळ काढ

अण्णा, तुमचा फ्लेक्स लागला. गल्लीच्या तोंडाला, विजेच्या खांबावर. तालमीच्या पोरांनी तुमच्या मतदान ओळखपत्रावरचा फोटो कुठूनतरी पैदा केला आणि जागा भरायची म्हणून तो आडवा ताणला. त्यात तुमचा चेहरा भाकरीसारखा पसरलाय आणि कान पार खांद्यांवर टेकायला आलेत. खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो, गॉगलसकट, तुमच्यापेक्षा ठळक. मी त्याच्याखाली उभी राहून आधी हसले आणि मग तिथंच, भर रस्त्यात, रडले. तुम्ही बघितला असता तर पोरांना शिव्या घालत स्वतः खांबावर चढला असता.

ज्या माणसानं जन्मभर कोल्हापुरातल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या गेलेल्या माणसांच्या तसबिरी रंगवल्या, त्याचा स्वतःचा धड एक फोटो घरात नसावा, हे तुम्हालाच शोभतं. रक्षाविसर्जन करून नदीवरून सगळे परत आलो, तेव्हा दारात पाय धुवायची गर्दी झाली होती. त्या गडबडीत काकूंनी, तुमच्या मंडळींनी, माझा दंड धरला आणि मला आतल्या खोलीत नेलं.

"हुपरी," त्या म्हणाल्या. माझं हे नाव तुम्ही ठेवलंत, आता तुमच्या घरात माझं खरं नाव कुणाला आठवतही नसेल. "उत्तरकार्याला त्यांची तसबीर पाहिजे. तूच काढायची."

"काढते की काकू. सांगायला पाहिजे का?"

"आणि तोंड सरळ काढ गं बाई. आधी हुतं तसं."

मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते माझं मलाही कळलं नाही. तुमचं आणि माझं जे भांडण इतकी वर्षं मिटलं नाही, ते काकूंनी एका वाक्यात माझ्या गळ्यात घातलं होतं. आणि तुम्ही नव्हता. म्हणजे दोन्ही बाजूंनी मलाच भांडायचं होतं.

आपली ओळखच मुळी भांडणानं झाली. नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. माझे आजोबा वारले होते आणि त्यांची तसबीर न्यायला आप्पा हुपरीहून एस.टी.नं तुमच्या मंगळवार पेठेतल्या दुकानात आले होते. सोबत मी. आमच्या घरी पैंजणांचं काम. शाळा संपल्यापासून मी घरातल्या बायकांबरोबर घुंगरू जोडायला बसायचे, त्यामुळं बारीकसारीक गोष्ट पटकन डोळ्यांत भरायची. तुम्ही तसबिरीवरचं कापड काढलंत. आप्पांचे डोळे भरून आले. आणि मी म्हणाले, "आजोबांचा कान असा नव्हता."

जड सोन्याच्या बाळीनं आजोबांच्या कानाची पाळी ओघळून लांब झाली होती. लहानपणी मी त्यांच्या मांडीवर बसून ती ओढायचे. तुम्ही ती छान गोल, घट्ट करून टाकली होती.

"ही कोण?" तुम्ही आप्पांना विचारलंत.

"पोरगी माझी."

"तोंड लई हाय की हिला."

"हाय की," आप्पा म्हणाले. त्यांना कुठं नाकारता येत होतं?

तुम्ही माझ्या हातात खडू दिलात. "काढ. कसा हुता कान, दाव मला." मी तिथंच शहाबादी फरशीवर बसून आजोबांचा कान काढला. तुम्ही कमरेवर हात ठेवून बघत राहिलात. मग आप्पांना म्हणालात, "कान हिचा बरोबर हाय. तसबीर माझी बरोबर हाय. तसबीर न्या आणि हिला माझ्याकडं पाठवा. घुंगरू काय, कोणबी लावंल."

त्या एका वाक्यात तुम्ही माझं आयुष्य फिरवलंत आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळलात. माझी आई, अव्वा, कानडीतून बरेच दिवस कुरकुरली. आप्पांनी मात्र मला एस.टी.चा पास काढून दिला.

तुमच्या दुकानात चेहरा तुमचा आणि बाकीचं सगळं माझं. कोट, उपरणी, नऊवारीचे काठ, फेटे. फेटे तर मी इतके रंगवले की अजूनही डोळे मिटून रंगवीन. लोक कुठला तरी फोटो घेऊन यायचे, लग्नातल्या घोळक्यातला, जत्रेतला, रेशनकार्डावरचा, आणि सांगायचे: टोपी काढून फेटा घाला, टक्कल झाका, पुढचे दात आत घ्या, रंग जरा उजळ करा. तुम्ही प्रत्येकाला "करू की" म्हणायचा. आणि करायचा. गालावर मांस चढायचं, डोळ्यांत पाणी चमकायचं, आणि घरचे लोक तसबीर बघून हात जोडायचे. मला तेव्हा ते सगळं जादूसारखं वाटायचं. मीही शिकत होते ती जादू, न शिकवता.

मग एक दिवस तुम्ही रद्दीवाल्याकडून आणलेल्या एका विलायती पुस्तकातलं पान फाडून माझ्यासमोर भिंतीवर टाचलंत. काही शतकांपूर्वीच्या एका डच चित्रकारानं म्हातारपणी स्वतःचंच काढलेलं चित्र. बटाट्यासारखं नाक, डोळ्यांखाली लोंबणाऱ्या पिशव्या, डोक्यावर पांढरं फडकं, मागं नुसता अंधार. "चेहरा शिकायचा असंल तर ह्यो म्हातारा उतरव," तुम्ही म्हणालात. "दुसरी शाळा न्हाई."

वर अट घातलीत, चौकटी आखायच्या नाहीत. धंद्यात आपण फोटोवर बारीक चौकटी आखायचो, तेवढ्याच मोठ्या करून कॅनव्हासवर, आणि एकेक घर बघत चेहरा उतरवायचो. त्यात चुकायची सोयच नव्हती. म्हटलं, चौकटी का नाहीत? "चौकटीनं नाक जागेवर बसतंय. माणूस न्हाई बसत."

उन्हाळाभर मी त्या म्हाताऱ्याशी झगडले. तुम्ही इतक्या दिवसांत एकदाही मागं येऊन बघितलं नाहीत, आणि मला वाटायचं, बरंच आहे, एकदम पुरं झाल्यावर दाखवू आणि चकित करू. मनात मी तेव्हाच कौतुक ऐकून घेतलं होतं. शेवटी तुम्ही बशीतला चहा फुंकत आलात.

"ह्यो कोण?"

"तोच. चित्रातला."

"त्यो न्हाई. ह्यो तुमच्या हुपरीतला कोण तरी शेठ हाय. हार घाल ह्येला आणि उदबत्ती लाव."

मी रागानं पानाकडं बघितलं, मग कॅनव्हासकडं, आणि माझा राग तिथल्या तिथं विरला. म्हाताऱ्याचं नाक सरळ झालं होतं. डोळ्यांखालच्या पिशव्या निम्म्या गेल्या होत्या. गाल गुलाबी, रंग उजळ. अण्णा, यातलं काहीही मी ठरवून केलं नव्हतं. मी मन लावून, डोळे फाडून तेच चित्र उतरवत होते आणि हात आपला आपण त्या परक्या माणसाला सुधारत होता. कोल्हापूर सोडून जगात दुसरीकडं कुठं कुणी ही चूक केली असेल असं मला वाटत नाही. त्या डच म्हाताऱ्याला मी कुणाच्या तरी माजघरात लावायच्या लायकीचा करून ठेवला होता.

"हाताला गिऱ्हाइकाची सवय लागलीया," तुम्ही म्हणालात. "खरवड."

मी खरवडलं. चिडले होते, म्हणून दुसऱ्या खेपेला उलटं टोक गाठलं. प्रत्येक सुरकुती खोल कोरली, नाक फुगवलं, डोळ्यांत जगाचं दुःख भरलं. तुम्ही आलात, एकदा बघितलंत आणि चुकचुकलात. "आता रडवलंस त्येला. त्येनं सोताची कीव केली न्हाई, तू कोण करणार? खरवड."

मग मी ब्रश फेकला. तो टर्पेंटाइनच्या डब्यावर आपटला आणि डबा तुमच्या पायावर सांडला, तेही आठवत असेलच. "मग करू तरी काय?" असं मी जवळजवळ ओरडलेच. तुम्ही पाय न झटकता स्टूल ओढलंत आणि पहिल्यांदाच माझ्याशेजारी बसलात.

"म्हातारा कुणीकडं बघतोय?"

"माझ्याकडं."

"तुज्याकडं कशाला बघंल त्यो? तू कोण त्येची? आरशात बघतोय. काम चाललंय त्येचं. नाकाचं माप घ्यायलाय, बघ की नीट."

मी बघितलं. आणि खरंच, तो म्हातारा दुःखी नव्हता, थोर नव्हता, कसलाच नव्हता. तो कामात होता. आपलं बटाट्यासारखं नाक कुठं संपतं आणि सावली कुठं सुरू होते, एवढंच त्याला त्या वेळी पडलं होतं. आप्पा पैंजण उजेडात धरून सांध्याचा डाग नीट बसलाय का बघतात, तेव्हा असेच दिसतात. मला एकदम तो म्हातारा ओळखीचा वाटला. तिसऱ्यांदा मी त्याला काढला तो कामातला माणूस म्हणून, आणि नाक आपोआप वाकडं आलं, पिशव्या आपोआप लोंबल्या, त्यांच्याकडं वेगळं लक्ष द्यावं लागलं नाही.

तुम्ही छापलेलं पान भिंतीवरून काढलंत आणि त्या जागी माझा म्हातारा लावलात. गिऱ्हाइकं विचारायची, "अण्णा, ह्यो कुणाचा कोण म्हणायचा?" आणि तुम्ही मान न वळवता सांगायचा, "आमचा पावणा हाय. लांबनं आलाय." त्या दिवसापासून आजपर्यंत, समोर माणूस बसला की मी स्वतःला पहिला प्रश्न विचारते तो हाच: हा आत्ता करतोय काय? माझं सगळं चांगलं काम त्या एका प्रश्नातून आलंय. हे तुम्हाला तोंडावर कधी सांगितलं नाही. तुम्ही "बरं, चहा सांग" म्हणाला असता, म्हणून राहून गेलं.

पण भांडणही तिथूनच पेटलं. राधानगरीकडून एक बाई आली होती. नवऱ्याचा एकच फोटो तिच्याकडं, शेवटच्या आजारातला. गळ्याची हाडं वर आलेली, गाल आत गेलेले, पण नजर कशी लख्ख. बाईला त्याच्या डोक्यावर फेटा हवा होता आणि अंग भरलेलं. तुम्ही म्हणालात, "करू की." ती गेल्यावर मी तुमच्यावर तुटून पडले. मला म्हातारा दोन-दोनदा खरवडायला लावता आणि स्वतः हे करता? ते डोळे दिसत नाहीत तुम्हाला? हे खोटं नाही का?

तुम्ही तेव्हा फोटोवर चौकटी आखत होता. पट्टी खाली ठेवलीत. "ती बाई रोज सकाळी उठून त्येच्यापुढं उदबत्ती लावणार हाय. तुजं खरं तिनं कुठं ठेवायचं, सांग."

"मग शिकवलंत कशाला खरं?"

"खोटं कुठं बोलतोय ते कळाय नको?"

बाई तसबीर न्यायला आली. भरल्या गालांचा, फेटा घातलेला तो माणूस बघून तिनं तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "व्हय, ह्योच." तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की मला तुमचा खून करावासा वाटला.

इतकी वर्षं आपण त्याच जागेवर उभं राहून भांडलो. माझं पहिलं प्रदर्शन लागलं, सगळी माणसं समोर बसवून काढलेली. कान मोडलेला पैलवान, भाजीवाली, अव्वा. तुम्ही धुतलेला सदरा घालून आलात, प्रत्येक चित्रापुढं उभे राहिलात आणि भर लोकांत म्हणालात, "झकास हायती. पण घरात कोण लावणार ह्यास्नी?" मी म्हटलं, "मी लावीन." "तुज्या घरात भिंती किती?" सगळे हसले. मीही हसले. घरी जाऊन मात्र खूप वेळ तणतणले.

पुढं कॉम्प्युटर आले. स्टुडिओवाले चेहरा कापून कुणाच्याही सुटाबुटातल्या धडावर बसवून लगेच हातात द्यायला लागले. तुमच्याकडं येणारी माणसं थांबली. तुम्ही ना रडलात, ना कुणाला दोष दिलात. ब्रश धुऊन डब्यात उभे ठेवलेत, आणि जो कोणी शिकायला आला त्याला माझ्याकडं पाठवायला लागलात. "हुपरीकडं जा. वरडती लई, पण शिकवती." माझ्या वर्गातली निम्मी मुलं हेच वाक्य ऐकून आलेली आहेत.

आणि मग तो झटका. डावी बाजू गेली, तोंड एका अंगाला ओघळलं, एक डोळा अर्धा मिटला. उजवा हात मात्र शाबूत. मी भेटायला आले आणि बघतच राहिले. सगळे हळहळत होते, मी म्हटलं, "अण्णा, आता कुठं तुमचा चेहरा काढण्यासारखा झालाय. बसा समोर." काकू माझ्यावर डोळे वटारत होत्या. तुम्ही अर्ध्या तोंडानं हसलात. हसू पुरं व्हायला वेळ लागला, पण झालं. "तुला न्हाई बसणार. तू गिऱ्हाइकाचं ऐकत न्हाईस."

मी पुन्हा विचारलं नाही. आरशासमोर बसून तुम्हीच का नाही काढलं स्वतःला, हेही विचारलं नाही. हात चालत होता, नजर चालत होती. त्या डच म्हाताऱ्यानं जे केलं ते करायला तुम्ही घाबरत होता का, अण्णा? की जन्मभर दुसऱ्यांचे चेहरे नीटनेटके करून दिल्यावर स्वतःच्या चेहऱ्याशी कसं वागायचं ते तुम्हाला सुचत नव्हतं? आता तुम्ही सांगणार नाही आणि मी अंदाज करणार नाही.

काकूंचा शब्द होता, म्हणून मी आधी सरळच काढलं. लग्नातला एक पुसट फोटो तेवढा होता, आणि मला तुमचा चेहरा पाठ होता. चित्र चांगलं झालं. मी चांगली चित्रकार आहे, हे आता मला तुमच्यापासून लपवायचं कारण नाही. तोंड सरळ, मिशा कोरलेल्या, डोक्यावर फेटा. कुणीही हात जोडले असते. पण तो माणूस काही करत नव्हता. तो नुसता हाराची वाट बघत बसला होता. मी दोन दिवस त्याच्यासमोर बसले आणि मग तो कॅनव्हास भिंतीकडं तोंड करून ठेवून दिला.

दुसरं चित्र मी न थांबता काढलं. माझं काम बघायला आलात की तुम्ही जसे दिसायचा तसे तुम्ही. मान जराशी कलती, एक भुवई वर, माझी चूक सापडलीय आणि ती कुठल्या शब्दांत सांगावी याचा विचार चाललाय. तोंड ओघळलेलं. डोळा अर्धा मिटलेला. शेवटच्या काळात तुम्ही असेच बघायचा, आणि चूक तरीही सापडायचीच.

उत्तरकार्याच्या आदल्या दिवशी मी दोन्ही चित्रं रिक्षात घालून घेऊन आले. ठरवून आले होते, की आधी वाकड्या तोंडाचं दाखवायचं, आणि काकू नको म्हणाल्या तर एक शब्द न बोलता सरळ तोंडाचं आत आणायचं. उदबत्ती त्या लावणार होत्या. इतकं तुमचं मला पटलेलं आहे, हे ऐकून घ्या.

काकू सोप्यात होत्या. मी चित्र खुर्चीवर भिंतीला टेकवून ठेवलं आणि म्हटलं, "ओलं आहे अजून, सांभाळून." त्या समोर उभ्या राहिल्या.

"तोंड सरळ काढ म्हटलं हुतं मी."

"तसंही काढलंय काकू. रिक्षात आहे. आणू?"

त्या एक पाऊल पुढं झाल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि चित्रातल्या तुमच्या ओठाचा ओघळलेला कोपरा पुसला.

झटका आल्यापासून जेवताना, चहा पिताना, बोलता बोलता तुमच्या त्या कोपऱ्यातून लाळ यायची. काकू हातातलं काम न सोडता, तुमच्याकडं धड न बघता ती पुसायच्या. तसाच हात गेला त्यांचा. रंग ओला होता. पदराला तांबूस डाग पडला आणि तुमचा ओठ हनुवटीकडं फरफटत गेला.

काकूंनी पदर बघितला. मग मटकन खाली बसल्या आणि मोठ्यानं रडायला लागल्या. तुम्ही गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या, हे मला तेव्हा शेजारणीनं सांगितलं. मी त्यांना धरून बसले. काही वेळानं त्या शांत झाल्या तेव्हा मी पिशवीतून ब्रश काढला, म्हटलं ओठ तेवढा नीट करते, उद्या माणसं येणार. त्यांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे."

"काकू, फरफटलेलं दिसतंय ते."

"दिसू दे की. मी पुसलंय ते."

उत्तरकार्याला तुम्ही तसेच बसलात, हार घालून, एक भुवई वर करून, फरफटलेल्या ओठानं. येणारा प्रत्येक माणूस त्या ओठाकडं बघून घुटमळत होता आणि काकू कुणालाही काहीही समजावून सांगत नव्हत्या. सरळ तोंडाचं चित्र मी कापड न सोडता परत नेलं. तुम्ही असता तर ओठ दुरुस्त करायला माझ्याकडं ब्रश मागितला असता, मला माहीत आहे. मी दिला नसता.